अधिकारी ते मंत्री: चिंतामणराव देशमुखांचं चरित्र लिहायला बसताना

चरित्र लिहायला घेतलंत की पहिल्या दिवशी एकही वाक्य लिहू नका. एक कोरी वही घ्या, आडवी धरा आणि पानावर चार उभे रकाने आखा. पहिल्यात साल, दुसऱ्यात हुद्दा. तिसऱ्याच्या डोक्यावर लिहा, ‘शेवटची सही कोणाची?’ आणि चौथ्याच्या डोक्यावर, ‘पटलं नाही तर काय करता येत होतं?’ पहिले दोन रकाने कुणीही अर्ध्या तासात भरतं. नेटवर, पाठ्यपुस्तकात, पुतळ्याखालच्या फलकावर सगळीकडे तेच असतं. उरलेल्या दोन रकान्यांना मात्र दिवसचे दिवस लागतात, आणि लागू द्यावेत.

ही रीत मला नोकरीने शिकवली. मी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. कचेरीत कागद खालून वर जातो. कारकून टिपणी ठेवतो, अव्वल कारकून तपासतो, नायब तहसीलदार शेरा मारतो, तहसीलदार सही करतात. टिपणीत आपलं मत लिहिता येतं, विरोधातलंसुद्धा. पण वरून ‘मान्य नाही’ असं आलं की मसुदा वरच्यांच्या मताप्रमाणे करायचा, आणि मन लावून करायचा. त्यात कमीपणा नाही, ती नोकरीची शिस्त आहे. आपलं मत नस्तीत, म्हणजे फाइलीत, राहतं, काम पुढे जातं.

मंत्र्याला ही सोय नाही. मंत्रिमंडळाने एकदा ठरवलं की तो निर्णय प्रत्येक मंत्र्याचा होतो. सभेत, विधिमंडळात, वर्तमानपत्रात त्याला तो आपलाच म्हणून मांडावा लागतो. तसं म्हणवत नसेल तर खुर्ची सोडायची. अर्धं आयुष्य टिपण्या लिहिण्यात घालवलेला माणूस मंत्री होतो तेव्हा त्याला हा बदल सोसावा लागतो, आणि माझ्या मते त्याच्या चरित्राचा गाभा तिथेच असतो.

निवृत्तीनंतर मी रोह्यात मुलांकडून भाषणं आणि चरित्रलेख लिहून घेते. 14 जानेवारीला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांची जयंती, त्यामुळे डिसेंबर लागला की मुलं वह्या घेऊन येतात. म्हणून इथली उदाहरणं त्यांचीच आहेत. तुम्ही दुसऱ्या कुणावर लिहीत असलात, तरी रकाने हेच ठेवा.

बालपण एका परिच्छेदात आटपा

जन्म 1896, गाव नाते, महाड तालुका, रायगड किल्ल्याजवळ. वडील द्वारकानाथ वकील. लहानपण बरंचसं रोह्यात गेलं. 1912 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज, विषय वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. 1917 साली वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक, 1918 साली आयसीएसच्या, म्हणजे इंग्रज काळातल्या वरिष्ठ सनदी सेवेच्या, परीक्षेत पहिला क्रमांक.

एवढं पुरे. मुलं इथे तीन-तीन पानं लिहितात आणि ‘कुशाग्र’, ‘अलौकिक’, ‘तेजस्वी’ असे शब्द ओततात. पहिला क्रमांक लिहिल्यावर हुशार होते हे वेगळं सांगायला नको. एक गोष्ट मात्र ठेवा: पुढे देशाची तिजोरी सांभाळणारा हा माणूस शिकला वनस्पतिशास्त्र, आणि मनाने संस्कृतात रमला. कालिदासाच्या ‘मेघदूता’चं त्यांनी मराठीत भाषांतर केलं, स्वतः संस्कृतात कविता लिहिल्या. हे शेवटच्या पानावर ‘छंद’ या मथळ्याखाली टाकू नका. ज्या वर्षांत ते घडलं त्या वर्षांच्या ओळीतच लिहा, म्हणजे गव्हर्नर आणि कवी ही दोन निराळी माणसं वाटणार नाहीत.

जिल्ह्यातली वर्षं वगळू नका

आयसीएस झाल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली. उपायुक्त, सेटलमेंट ऑफिसर, पुढे महसूल आणि अर्थ खात्यांचे सचिव. बहुतेक चरित्रांत ही सगळी वर्षं ‘विविध पदांवर काम केले’ या एका वाक्यात संपतात. हे वाक्य दिसलं की मी लाल पेन उचलते. सेटलमेंटचं काम म्हणजे गावोगाव जाऊन जमिनीची प्रत पाहायची, पीक-पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि पुढच्या बऱ्याच वर्षांसाठी शेतसारा ठरवायचा. महसुलात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, सारा ठरवणाऱ्याला गाव कसं दिसतं ते. पुढे अर्थमंत्री म्हणून कराचा दर मांडणाऱ्या माणसाने तरुणपणी एकेका शेताच्या बांधावर उभं राहून आकारणी केली होती, हा धागा वाचकाच्या हाती द्या.

याच वर्षांत अवघड प्रश्न येतो आणि तो टाळणाऱ्याने हे चरित्र लिहूच नये. देशात सविनय कायदेभंग चालू होता, माणसं तुरुंगात जात होती, तेव्हा चिंतामणराव इंग्रज सरकारच्या सचिवालयात होते. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला गांधीजी काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेले, देशमुख तिथे सचिवांच्या कार्यालयात काम करत होते. 1944 साली सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला, तेव्हा ‘छोडो भारत’मधले कितीतरी नेते अजून कोठडीत होते.

हे कसं लिहायचं? सफाई देऊ नका आणि आरोपपत्रही ठेवू नका. चौथा रकाना भरा. पटलं नाही तर काय करता येत होतं? टिपणीत लिहिता येत होतं, नोकरी सोडता येत होती. सोडणारे होते, सुभाषबाबूंनी आयसीएस सोडली. देशमुखांनी सोडली नाही. एवढं स्वच्छ लिहा आणि पुढे चला. शेजारी त्यांच्या पुढे पत्नी झालेल्या दुर्गाबाईंची सनावळ ठेवा. आंध्रातल्या या बाई मिठाच्या सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या, पुढे संविधान सभेत बसल्या, नियोजन आयोगावर आल्या. 22 जानेवारी 1953 रोजी या दोघांनी लग्न केलं, आणि साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. देशमुखांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती, 1949 साली ती गेली. प्रिमरोज ही त्यांची मुलगी. सरकारी दप्तराच्या दोन विरुद्ध बाजूंना तारुण्य घालवलेली दोन माणसं पुढे एका घरात, एकाच राज्यव्यवस्थेच्या कामाला लागली. याबद्दल मी वाचकाला काय वाटावं ते सांगत नाही. दोन्ही सनावळी समोरासमोर ठेवते.

नोटेवरची सही

तिसरा रकाना डोळ्यांनी पाहायचा असेल तर जुनी नोट शोधा. नाणी-नोटा जमवणारं कुणीतरी प्रत्येक तालुक्यात असतं. आमच्या ओळखीच्या एका संग्राहकाकडे सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची नोट आहे. तिच्यावर इंग्रजीत सही आहे, सी. डी. देशमुख. मुलांच्या हातात ती नोट दिली की गप्पा थांबतात. राजाचं तोंड आणि रोह्यात वाढलेल्या माणसाची सही एकाच कागदावर.

देशमुख 1939 साली रिझर्व्ह बँकेत आले ते सरकार आणि बँक यांच्यातले संपर्क अधिकारी म्हणून. काही महिन्यांत बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, 1941 साली डेप्युटी गव्हर्नर आणि 11 ऑगस्ट 1943 पासून गव्हर्नर. त्यांच्या आधीचे दोघेही गव्हर्नर इंग्रज, ऑस्बर्न स्मिथ आणि जेम्स टेलर. पहिले भारतीय गव्हर्नर हेच. 30 जून 1949 पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. या सहा वर्षांत युद्ध संपलं, फाळणी झाली, देश स्वतंत्र झाला आणि 1 जानेवारी 1949 रोजी भागधारकांची रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली.

इथे तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकाला तिसरा रकाना लावून पाहा.

जुलै 1944, अमेरिकेतलं ब्रेटन वुड्स. 44 देशांची परिषद, जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक निघाली. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते, पण प्रमुख होते व्हाइसरॉयच्या सरकारचे अर्थ सदस्य जेरेमी रेझमन. युद्धखर्चापोटी इंग्लंडकडे भारताचा पैसा अडकला होता, आणि युद्ध संपेतो ही रक्कम एक हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेली. तो पैसा सोडवण्याचा विषय भारतीयांनी तिथे काढला. नाणेनिधीच्या चौकटीत तो घेतला गेला नाही. तिसऱ्या रकान्यात रेझमन, चौथ्यात ‘बाजू मांडणे’.

जानेवारी 1946. सरकारने अध्यादेश काढून 500, 1,000 आणि 10,000 रुपयांच्या नोटा रद्द केल्या. अध्यादेश सरकारचा, पण नोटा बँकेच्या आणि अंमलही बँकेने करायचा. काळ्या बाजाराला धाक बसवण्याचा हेतू यातून नीट साधला नाही, असंच पुढे देशमुखांचं मत होतं. तरीही गव्हर्नर म्हणून काम पार पाडलं. नोकरीत याहून वेगळं काही अपेक्षितही नसतं. हा प्रसंग नीट लिहून ठेवा, कारण बरोबर दहा वर्षांनी 1956 चा जानेवारी येणार आहे आणि तेव्हा हाच माणूस वेगळं वागणार आहे.

तिसरा प्रसंग फाळणीचा. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक 1 जुलै 1948 ला सुरू झाली. तोपर्यंत दोन्ही देशांचं काम एकच रिझर्व्ह बँक पाहत होती. सुरुवातीला पाकिस्तानात ज्या नोटा चालल्या त्या भारतीयच होत्या, त्यांच्यावर ‘पाकिस्तान सरकार’ असा छाप इंग्रजीत आणि उर्दूत मारलेला होता. दोन रुपयांच्या त्या छापील नोटेवर सही आहे देशमुखांची. दोन देश, मधे पेटलेली सरहद्द, आणि दोन्हीकडच्या बाजारात त्या सहीवर विश्वास ठेवून माणसं धान्य विकत घेत होती. मला विचाराल तर अख्ख्या चरित्रातला एकच फोटो छापायचा झाला तर या नोटेचा छापा.

खुर्ची बदलते तो दिवस

अधिकारी मंत्री कसा झाला, हे तारखेनिशी आणि रीतीनिशी सांगा. ‘नेहरूंनी त्यांची गुणवत्ता हेरली’ एवढ्याने भागत नाही.

1949 साली त्यांना अमेरिका-युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमलं. 1950 साली नियोजन आयोगावर घेतलं. त्याच वर्षी अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला. त्यांचा नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांना विरोध होता. त्यांच्या जागी 1 जून 1950 पासून देशमुख आले. म्हणजे ज्या खुर्चीवर ते बसले ती खुर्चीच मतभेदाने रिकामी झाली होती. ही नोंद हातची घालवू नका, पुढे उपयोगी पडते.

संविधानाच्या 75 व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचा सदस्य नसलेला माणूस सहा महिन्यांपलीकडे मंत्री राहू शकत नाही. देशमुख हंगामी संसदेत आले आणि 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड जिल्हा. मुलांना हे सांगितलं की ती पहिल्यांदा सरसावून बसतात, कारण त्यांच्या पणजोबा-पणजींनी त्या मतपेटीत मत टाकलेलं असू शकतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या असं मी सांगते. आठवणी आणा, पण तारखा मात्र कागदावरून घ्या.

क्रम तपासायला दुसरं उदाहरण शेजारी ठेवा. स. गो. बर्वे हेही आयसीएस. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी पाहिलं, मग नोकरी सोडली, 1962 साली पुण्यातून विधानसभेवर निवडून आले आणि महाराष्ट्रात मंत्री झाले. 1967 साली ईशान्य मुंबईतून त्यांनी कृष्ण मेनन यांना हरवलं आणि निकालानंतर काही दिवसांतच ते वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या बहिणीने, तारा सप्रे यांनी, पुन्हा मेनन यांचा पराभव केला. बर्वे आधी मतदारांपुढे गेले, मग मंत्री झाले. देशमुखांचं उलट झालं: आधी मंत्री, मग मतदार. तुमच्या चरित्रनायकाचा क्रम कोणता, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवा. ज्याला पंतप्रधानाने बोलावून आणलं त्याचं बळ पंतप्रधानाच्या विश्वासात असतं, आणि तो विश्वास तुटला तर पाठीशी पक्षाची फौज नसते.

हल्लीच्या अधिकाऱ्यावर लिहीत असाल तर आणखी एक तारीख शोधा, राजीनाम्याची किंवा स्वेच्छानिवृत्तीची. नोकरीत असताना राजकारणात भाग घेता येत नाही, आमच्या वर्तणूक नियमांतच ते आहे. नोकरी सुटली ती तारीख आणि उमेदवारी अर्ज भरला ती तारीख, या दोहोंत किती अंतर आहे ते पाहा. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, शिक्षण, खटले सगळं असतं, आणि ते कुणालाही पाहता येतं.

मंत्रिपदाची सहा वर्षं: कामं निवडून लिहा

अर्थमंत्र्याची कामं दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात असतात, आणि ती भाषणं सगळी मिळतात. मुलांना मी पूर्ण भाषण वाचायला लावत नाही. सुरुवातीची दोन पानं आणि कराच्या प्रस्तावांचा भाग, एवढं वाचलं तरी आवाज ओळखीचा होतो. 1955-56 पासून अर्थसंकल्पाचे कागद हिंदीतही छापायला लागले, ते देशमुखांच्याच काळात. पहिली पंचवार्षिक योजना, 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक, 1956 चा कंपनी कायदा, ही नुसती नावं घेतलीत तरी चालेल. विमा मात्र उलगडून सांगा.

19 जानेवारी 1956. अध्यादेश काढून आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून 245. बातमी आधी फुटली असती तर पैसा इकडचा तिकडे झाला असता, म्हणून सगळं गुप्त ठेवलं होतं, आणि देशमुखांनी ते रेडिओवरून देशाला सांगितलं.

आता त्या आठवड्याचं पान उघडा. तीनच दिवस आधी, 16 जानेवारीला, नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील अशी घोषणा केली होती. मुंबई पेटली होती, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मरत होती. देशमुखांचं मन सरकारमधून उठलं होतं आणि त्याच महिन्यात त्यांनी पद सोडण्याचा इरादा कळवला होता. त्या मनःस्थितीत त्यांनी विम्याचं काम पुरं केलं. या एका आठवड्यात अधिकारी आणि मंत्री दोन्ही एकाच माणसात दिसतात: हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही ही जुन्या नोकरीची सवय, आणि न पटलेल्या निर्णयाला आपलं म्हणायचं नाही ही नव्या खुर्चीची अट. चरित्रात या आठवड्याला दोन पानं द्या. बालपणातून वाचवलेली जागा इथे वापरा.

राजीनामा कसा लिहावा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निरोपांत ‘नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला’ असं दरवर्षी येतं. हे लिहू नका. त्यांच्या तोंडी कुठलाही संवाद घालू नका. खरं घडलेलं पुरेसं मोठं आहे आणि संथ आहे, त्यामुळे अधिकच लागतं.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल 1955 च्या अखेरीस आला. जानेवारीत मुंबईची घोषणा झाली. 6 फेब्रुवारीला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जूनमध्ये नेहरूंनी मुंबई पाच वर्षं केंद्राकडे राहील असं सांगितलं. जुलैमध्ये देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत उभं राहून त्यांनी निवेदन केलं. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर झाला, आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, या त्यांच्या मुख्य तक्रारी. नेहरूंनी सभागृहात उत्तर दिलं आणि ते आरोप मान्य केले नाहीत. दोन्ही निवेदनं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. दोन्ही वाचा, आणि चरित्रात दोन्हींना जागा द्या. आपल्याला देशमुखांचा अभिमान आहे म्हणून नेहरूंचं उत्तर गाळलं, तर ते चरित्र होत नाही, भाषण होतं.

निवेदनात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कार्यपद्धतीचा मुद्दा. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं लाखो लोक रस्त्यावर ओरडत होते. देशमुखांनी त्याच्या जोडीला विचारलं, की हा निर्णय घेतला कुणी आणि कुठल्या बैठकीत? कचेरीत वय घालवलेला माणूसच हा प्रश्न असा विचारतो. सामुदायिक जबाबदारी माझ्यावर आहे, तर निर्णयात माझा वाटा कुठे आहे? तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याचं उत्तर एकाच वाक्यात आलं.

त्यांना आंदोलनाचा पुढारी करू नका. आचार्य अत्रे, एसेम जोशी, डांगे, प्रबोधनकार यांनी रस्त्यावरची लढाई लढवली. देशमुख त्या व्यासपीठावरचे नव्हते, दिल्लीत सत्तेच्या आत होते आणि आतून बाहेर पडले. दोन्हींची किंमत निराळी आहे, मिसळली तर दोन्ही उतरतात.

गेल्या डिसेंबरात अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, राजीनामा देऊन झालं काय? मुंबई तर लगेच मिळाली नाही. मग ते हरलेच ना?” प्रश्न सरळ होता. मी तिला तिची वही उघडायला सांगितली आणि तारखा वाचायला लावल्या. ऑगस्टमध्ये संसदेने द्वैभाषिकाचा, म्हणजे मराठी आणि गुजराती भागांच्या एकाच राज्याचा, तोडगा स्वीकारला, 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबईसह द्वैभाषिक राज्य झालं, केंद्रशासित मुंबई झालीच नाही, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र. “यातलं त्यांच्यामुळे किती झालं हे तुला सिद्ध करता येईल का?” ती म्हणाली, नाही. “मग तसं लिहू नकोस. पण जुलैत त्यांनी काय सोडलं ते लिही.” तिने लिहिलं की विमा महामंडळ 1 सप्टेंबर 1956 ला सुरू झालं तेव्हा ते घडवणारा अर्थमंत्री मंत्री राहिलेला नव्हता. हे वाक्य मी तसंच ठेवायला लावलं.

एक परिच्छेद दुरुस्त करून दाखवते

मुलं असं लिहून आणतात: “त्यांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद भूषविले. त्यानंतर त्यांनी अर्थमंत्रिपदाची धुरा समर्थपणे सांभाळली. तत्त्वासाठी त्यांनी पदावर पाणी सोडले.”

यात एकही तारीख नाही, एकही निर्णय नाही, आणि हा मजकूर कुणाच्याही नावाने चालेल. दुरुस्तीनंतर:

“1946 साली सरकारने मोठ्या नोटा रद्द केल्या. देशमुखांना त्याचा फार उपयोग वाटला नाही, पण ते गव्हर्नर होते आणि आदेश सरकारचा होता, म्हणून अंमल केला. 1956 साली सरकारने मुंबई वेगळी काढायचं ठरवलं. आता ते स्वतःच सरकार होते. त्यांनी आधी समजावून पाहिलं, सहा महिने वाट पाहिली आणि जुलैत लोकसभेत कारणं सांगून बाहेर पडले.”

शब्द थोडे जास्त झाले, पण माणूस दिसला. प्रत्येक परिच्छेदाला हेच विचारा: यात नाव बदललं तर चालेल का? चालत असेल तर पुन्हा लिहा.

नंतरची वर्षं भरभर, पण एक हार लपवू नका

विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष 1956 ते 1961, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू 1962 ते 1967. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. 1959 साली मॅगसेसे पुरस्कार. हे सगळे लिहितात.

1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक मात्र बरेच जण गाळतात. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले, समोर व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी. देशमुख तिसरे आले, पहिल्या पसंतीच्या मतांचं मूल्य 1,12,769. निवडून आलेल्या गिरींचं 4,01,515. आकडा लिहा. काँग्रेसचे अर्थमंत्री राहिलेले देशमुख विरोधकांचे उमेदवार झाले, हेही लिहा. पुढे 1974 साली त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, 1975 साली पद्मविभूषण. दुर्गाबाई मे 1981 मध्ये गेल्या, ते 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादेत.

आत्मचरित्र वाचताना एक पथ्य पाळा. जे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलंय त्याला ‘त्यांच्या सांगण्याप्रमाणे’ अशी जोड द्या, आणि जमेल तिथे दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा. बँकेच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेला स्वतःचा इतिहास आहे, त्याचा पहिला खंड 1935 ते 1951 इतका आहे. मंत्रिपदासाठी लोकसभेच्या चर्चा. गावासाठी जिल्ह्याचं गॅझेटियर. तालुक्याच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवलेली असतील तर जानेवारी आणि जुलै 1956 चे गठ्ठे मागा, आणि ग्रंथपालांकडे आधी दोन दिवस अर्ज द्या, म्हणजे त्यांना ते काढून ठेवता येतील.

लेख पुरा झाला की मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो नोकरीतल्या कुणाला तरी. हुद्द्यांची नावं आणि अधिकार यांत चूक असेल तर तीच माणसं पकडतात. वाचनालयाला प्रत द्याल तेव्हा सोबत ती चार रकान्यांची वहीही द्या, कोणती तारीख कोणत्या कागदावरून घेतली त्याच्या नोंदीसकट. पुढच्या डिसेंबरात जो मुलगा किंवा मुलगी हा विषय घेईल, त्याचं काम तिथून सुरू होईल.